बॅटरीवरच्या लॉनमोवरचा हिशोब

अमेरिकेतल्या घरामागची हिरवळ कापणाऱ्या पेट्रोल लॉनमोवरचं इंजिन साधारण 140 ते 190 सीसीचं, म्हणजे आपल्या मोटारसायकलीएवढं असतं. पण धूर निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याला बहुधा नसतो. हवेवर थंड होणारं हे इंजिन फार तापू नये म्हणून त्याला पेट्रोल थोडं जास्तच मिळतं. ते पुरतं जळत नाही, आणि उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. व्यावसायिक मोवर तासभर चालवला की नवी कार सुमारे 300 मैल चालवण्याइतकं धुरकं तयार होतं, असा कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचा हिशोब आहे. तिथे 2024 च्या मॉडेलपासून नव्या मोवरना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली. जुना वापरायला मनाई नाही.

पेट्रोलचा मोवर बदलून बॅटरीवरचा घ्यायचं ठरवून दुकानात गेलं की आधी दिसतात व्होल्ट. त्यांना भुलू नका. लिथियम-आयन सेल काम करताना सरासरी 3.6 व्होल्ट देतो, पूर्ण भरल्यावर 4.2. असे 14 सेल ओळीने जोडले की ‘56 व्होल्ट’ छापलेला पॅक होतो. प्रत्यक्ष कामाला धरायचे ते 50.4. गवत किती कापून होईल हे सांगतात वॉट-अवर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 7.5 अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये 378 वॉट-अवर, तर 5 च्या पॅकमध्ये 252.

आता समजा लॉन 600 चौरस मीटरचं आहे. 21 इंची मोवरचा पट्टा थोडा आधीच्या पट्ट्यावर चढवावा लागतो, म्हणजे कामाची रुंदी 45 सेंटीमीटर. चालणं झालं सव्वा किलोमीटरहून थोडं जास्त. ताशी 3 किलोमीटरने, वळणं धरून, 35 मिनिटं. कोरड्या, वेळेवर कापलेल्या गवतात मोटर सरासरी 600 वॉट घेते असं धरलं तर 350 वॉट-अवर लागतील. मोठा पॅक जेमतेम पुरेल. छोटा पंचविसाव्या मिनिटाला थांबेल. मोठ्या लॉनला दोन पॅक घेणंच शहाणपणाचं.

हे गणित बिघडतं ते ओल्या, माजलेल्या गवतात. पेट्रोल इंजिनावर भार आला की त्याचा आवाज बसतो आणि आपण आपोआप हळू चालतो. बॅटरीवरच्या मोवरमधल्या ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरचा कंट्रोलर मात्र वेग टिकवायला करंट वाढवतो, आणि बॅटरी भराभर उतरते. भार फारच झाला तर मोवर बंद पडतो. तो बिघडलेला नसतो. बॅटरी काढा, खाली अडकलेलं गवत साफ करा, मग चालू करा. गवत 3 इंच ठेवायचं असेल तर साडेचार इंचांवर जाऊ देऊ नका: एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये.

बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांत टोकं तपकिरी दिसली तर समजा धार गेली. साधारण 25 तासांच्या कामानंतर पातं काढा (आधी बॅटरी आणि किल्ली बाहेर, हातमोजे चढवलेले), मूळच्या कोनातच कानस चालवा. वस्तऱ्यासारखी धार नको. ती लगेच मुडपते. मग मधलं भोक खिळ्यात अडकवून पातं आडवं टांगा. जी बाजू खाली जाईल ती जड. तिलाच अजून थोडं घासा. तोल नसलेलं पातं थरथरून मोटरचे बेअरिंग खातं.

गवत कापून झाल्या झाल्या बॅटरी गरम असते, ती निवल्यावरच चार्जरला लावा. शून्य अंश सेल्सिअसखाली तर मुळीच चार्ज करू नका. थंडीत लिथियम ऋण अग्रात शिरण्याऐवजी त्यावर धातू म्हणून साचतो. क्षमता कायमची घटते आणि आतून शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात पॅक गॅरेजमध्ये न ठेवता अर्धा भरून घरात आणा.

जुन्या मोवरमध्ये उरलेलं पेट्रोल, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून, संपवा. सुमारे 600 मिलिलिटर ऑइल निघेल, ते गटारात न ओतता डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. बॅटरी पॅक निकामी झाला की टर्मिनलना चिकटपट्टी लावून तोही तिथेच द्या. कचरागाडीत चिरडलेला पॅक पेट घेतो.