फोटोंचं ई-पुस्तक आणि मेगाबाइटचा हिशोब

गडकिल्ल्यांवरचं सचित्र ई-पुस्तक स्वतःच ॲमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करू देणाऱ्या सेवेवर) टाकायचं म्हटलं, की मजकुराचा प्रश्न नसतो. दोनशे पानांचा मजकूर एक-दोन मेगाबाइटच्या पुढे सहसा जात नाही. भार असतो तो फोटोंचा, आणि तो थेट रॉयल्टीतून वसूल होतो. ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय निवडला तर भारतात प्रत्येक प्रतीमागे दर एमबीला ७ रुपये डिलिव्हरीचा खर्च आधी कापतात. कर बाजूला ठेवू. पुस्तक २०० रुपयांचं आणि २० एमबीचं असेल, तर १४० रुपये गेले. उरलेल्या ६० चे ७० टक्के म्हणजे ४२ रुपये. त्यापेक्षा ३५ टक्क्यांचा पर्याय परवडला, तिथे हा खर्च नाही, ७० रुपये मिळतात. तेच पुस्तक ५ एमबीत बसवलंत तर हाती ११५.

मग फोटो हलके कसे करायचे? १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० गुणिले ३००० ठिपके असतात. प्रत्येकाला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक बाइट धरला तर ३६ एमबी होतात, तरी फोनमध्ये फाइल दिसते चारेक एमबीची. ही करामत जेपेगची, म्हणजे फोटो कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीची. तिच्या मुळाशी असलेलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन संथ व जलद लहरींची बेरीज म्हणून लिहितं. जलद, बारीक चढउतार डोळ्याला नीट जाणवत नाहीत, म्हणून त्यांचे आकडे ढोबळ केले जातात. बरेचसे शून्यच होतात. कोकणकड्यावरचं मोकळं आभाळ त्यामुळे मोजक्या आकड्यांत मावतं. पावसाळ्यातला गवताळ उतार मात्र तेवढ्याच आकारात कितीतरी जास्त जागा खातो.

गडाचा नकाशा जेपेगमध्ये ठेवला की गणित उलटतं. काळं अक्षर आणि पांढरा कागद यांच्यातली धारदार कड नेमकी त्या जलद लहरींवरच उभी असते. त्या ढोबळ केल्या की मात्रा-वेलांट्यांभोवती राखाडी डाग उमटतात. नकाशे, तक्ते, रेखाचित्रं यांना पीएनजी हवं. त्यात माहिती दाबून ठेवतात, टाकून देत नाहीत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेला नकाशा तर घेऊच नका, तो आधीच जेपेगमध्ये दाबलेला असतो.

फोटो ‘३०० डीपीआय’चाच (इंचाला ३०० ठिपके) हवा, हा बाऊ मात्र मला पटत नाही. फाइलमधली ती नोंद असते छपाईसाठी. पडद्याला पिक्सेल, म्हणजे ठिपकेच कळतात. ६.८ इंची किंडल पेपरव्हाइटचा पडदा १२३६ गुणिले १६४८ ठिपक्यांचा आहे. फोटोची लांब बाजू २००० पिक्सेलवर आणली तर थोडं झूम करण्यापुरतं पुरतं, आणि एकूण ठिपके चौथाईवर येतात. हे काम मूळ फोटोवरून एकदाच करा, कारण जेपेगमध्ये फेरफार करून पुन्हा जतन केलं की आकडे पुन्हा ढोबळ होतात.

किंडलसारख्या वाचनयंत्रांच्या साध्या, कृष्णधवल ई-इंक पडद्यावर राखाडीच्या फक्त १६ छटा दिसतात. नकाशातली लाल पायवाट आणि हिरवं जंगल सारखंच उजळ असेल, तर दोन्ही एकाच राखाडीत मिसळतात. पायवाट तुटक रेषेनं काढा.