‘चारशे अठ्ठ्याण्णव’ आणि ‘डीव्ही’: मदतीला धावणाऱ्यांनी ओळखायचा फरक

मागच्या उन्हाळ्यात विट्यात आमच्या गल्लीतली एक बाई रात्री दोन लेकरांना घेऊन माझ्या दारात आली. पाणी पिऊन होईस्तोवर तिला तीन सल्ले मिळाले. एक शेजारीण म्हणाली, “चारशे अठ्ठ्याण्णव टाक.” दुसरी म्हणाली, “डीव्ही कर.” समोरचे काका म्हणाले, “भांड्याला भांडं लागायचंच, तंटामुक्तीत मिटवू.” पहिल्या दोघींना वाटत होतं आपण एकच सांगतोय. ती बाई एवढंच विचारत होती, “काकू, पोरांना घेऊन राहू कुठं?”

‘चारशे अठ्ठ्याण्णव’ म्हणजे जुन्या दंड संहितेतलं कलम ४९८-अ, १९८३ साली आलेलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालं, पण लोकांच्या तोंडी आकडा जुनाच आहे. ही फौजदारी केस. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचा, तपास, दोषारोपपत्र, मग खटला. नवऱ्यावर किंवा त्याच्या नातेवाइकांवर छळ सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिक्षा व्हायलाच हवी, पण शिक्षेतून बाईला छप्पर मिळत नाही, पोरांची फीही भागत नाही.

‘डीव्ही’ म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. इथं मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज असतो आणि मागायचं असतं संरक्षण. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, बाई आणि मुलांचा खर्च, औषधपाणी, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क सांगता येतो. निकड असेल तर समोरच्याची वाट न बघता अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश मिळू शकतो. असा संरक्षण आदेश मोडला की मात्र तो गुन्हा होतो: १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. मुलगा मारतो म्हणून आईही अर्ज करू शकते, तिला ८५ लागू होत नाही.

आता आपल्यासारख्या शेजाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा फरक. ८५ खाली पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवावा, यासाठी माहिती स्वतः बाईनं किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसानं द्यावी लागते. शेजारीण कितीही जिवाभावाची असली तरी तिची तक्रार तिथं पुरत नाही. डीव्हीत मात्र कलम ४ आहे: हिंसा झाली, होतेय किंवा होईल असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर उलट कारवाई होत नाही. अंगणवाडी सेविका, भिशीतल्या बायका, घरमालकीण, कुणीही. “आम्ही परके, आम्ही कसं बोलावं?” याला कायद्यानंच उत्तर दिलंय.

तरी माझं कळकळीचं म्हणणं असं, की जिवावर बेतलेलं नसेल तर आधी तिला विचारा. तिच्या नकळत कागद सरकला आणि घरात कळलं, तर मार तिलाच बसतो. जिवावर बेतलं असेल तर थांबू नका: ११२ लावा, सल्ल्यासाठी १८१ आहे, मुलांसाठी १०९८.

एक केली की दुसरी बाद, हाही गैरसमजच. दोन्ही एका वेळी चालू शकतात. माहेरी येऊन राहिली असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

काकांच्या तंटामुक्तीबद्दल सांगते. गावातले तंटे गावातच मिटवायची ही मोहीम २००७ साली सुरू झाली ती आपल्याच तासगावच्या आर. आर. आबांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात, आणि बांधाचे, वाटणीचे कितीतरी वाद तिथं सुटले. पण बांधाच्या वादात दोघं समोरासमोर बरोबरीनं बसतात. मार खाल्लेली बाई आणि मारणारा तसे बसत नाहीत.

त्या रात्री आम्ही तिचं आधार, रेशनकार्ड आणि पोरांचे जन्मदाखले माझ्या कपाटात ठेवले. सकाळी सिव्हिलला नेऊन जखमांची नोंद करून घेतली. कुणी कधी काय ऐकलं ते तारखेसह वहीत लिहिलं. मग संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. ती कराडला माहेरी गेली. पोरांच्या जुन्या शाळेचा दाखला लगेच मिळेना, पण शिक्षण हक्क कायद्यात दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे तिच्या भावजयीला ठाऊक होतं. कोर्टाचा अंतरिम आदेश हातात पडायच्या आधी दोन्ही पोरं नव्या शाळेत बसली होती.