हात चेंडूच्या आधी निघतो

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रातून शिबिरांची पत्रकं पडू लागतात. टेबल टेनिसच्या पत्रकावर ‘मुलांचे रिफ्लेक्सेस वाढवा’ ही ओळ ठरलेली. चेंडू दिसला की हात आपोआप जातो, अशी त्यामागची समजूत. गरम तव्यावरून बोट उचलतं ते मज्जारज्जूच्या हुकमाने, हे आपण शाळेत शिकलो. टीटीत मात्र तसं होत नाही. जे होतं ते मला कितीतरी भारी वाटतं.

हिशेब करून बघा. टेबल 2.74 मीटर लांब. खेळाडू थोडे मागे उभे, म्हणजे चेंडूचा प्रवास साधारण साडेतीन मीटर. फटका सेकंदाला 10 मीटर वेगाने आला तर हाताशी वेळ 0.35 सेकंद. त्यातले 0.2 सेकंद डोळ्यांनी पाहून स्नायू हलेपर्यंतच जातात, लहान मुलांचे त्याहून जास्त. उरलेल्यात पाय सरकवायचा, बॅटचा कोन ठरवायचा, फटका मारायचा. गणित बसतच नाही. म्हणून सरावलेला खेळाडू चेंडूची वाट पाहत नाही. समोरच्याचं मनगट आणि बॅट चेंडूला वरून घासली की खालून, एवढ्यावरून मेंदू अंदाज बांधून मोकळा होतो. कानही मदतीला असतात. 1952 ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, तेव्हा जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. दाणेदार रबराचा ओळखीचा ‘टक्’ आवाज गायब, चेंडूही वेगळाच सुटे. भल्याभल्यांचे अंदाज कोसळले आणि सातो विजेता झाला.

हा अंदाज घडवण्यात मोठा वाटा अनुमस्तिष्काचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा. तिथल्या पुर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींपैकी प्रत्येकीवर लाखभर समांतर तंतूंकडून, म्हणजे बारीक चेतातंतूंकडून, बातम्या येतात: खांदा कुठे, चेंडू कुठे, हाताला हुकूम कोणता गेला. याशिवाय एकच आरोही तंतू तिला वेटोळे घालून बसलेला असतो. अंदाज चुकला, चेंडू जाळ्यात गेला, की हा तंतू इशारा देतो आणि त्या क्षणी जागे असलेले समांतर तंतूंचे जोड थोडे कमजोर होतात. चुकीला कारण ठरलेली वाट अशी बुजत जाते. आरोही तंतू असा शिकवतो ही कल्पना संशोधक डेव्हिड मार (1969) यांनी आधी कागदावर मांडली, जोड कमजोर होतात हे जेम्स अल्बस (1971) यांनी; जपानी मेंदूशास्त्रज्ञ मासाओ इतो यांनी प्रयोगातून त्याला बळ दिलं. शिकण्याची एवढीच तऱ्हा नाही, पण मला सर्वांत आवडते ती हीच. इथे चूक हाच कच्चा माल आहे.

याचा मुलांना उपयोग होतो का? हालचालींच्या समन्वयात अडचण असलेल्या मुलांना तैवानमध्ये 10 आठवडे टेबल टेनिस शिकवलं गेलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचं हालचालींचं कौशल्य सुधारलेलं दिसलं, शिवाय चुकीची हालचाल वेळीच रोखणंही. पण म्हणून ‘टीटी खेळा, गणितात पैकीच्या पैकी मिळवा’ असं कुणी सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवा. डोळे बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’वाले क्लासही मेंदूचंच नाव घेतात; पट्टीखालची फट बुजवली की त्यांची विद्या संपते.

दमाचं म्हणाल तर रॅली, म्हणजे एका गुणासाठी चालणारी चेंडूची ये-जा, बहुधा काही सेकंदांतच आटोपते. एवढ्याशा कामाला स्नायूंतला तयार ऊर्जेचा साठा पुरतो. बाजूला झटकन सरकणं, तोल सावरणं, दिशा बदलणं याला खेळ उत्तम. पण मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धावणं, दोरीच्या उड्या वेगळ्या लागतीलच.

फी भरण्याआधी टेबलं मोजा. 20 मुलं आणि 2 टेबलं असतील, आणि एकेरीच खेळवत असतील, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला 12 मिनिटं येतात. प्रशिक्षक बादलीभर चेंडू घेऊन मल्टिबॉल सराव, म्हणजे एकामागून एक चेंडू टाकून सराव, देतात का, तेही विचारा. एकच एक सोपा चेंडू नको. टॉपस्पिन (पुढे फिरणारा), चॉप (उलटा फिरणारा), आखूड, लांब असे मिसळून आले, तरच त्या आरोही तंतूला काम मिळेल.