फोर बाय फोर आणि बर्फाची लादी

डिसेंबर सरत आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मनालीची एखादी चित्रफीत येतेच. बर्फाळ उतार, धिप्पाड एसयूव्ही, आणि ती अगदी सावकाश मागे सरकत चाललेली. नीट बघा, चारही चाकं स्थिर असतात. ब्रेक लागलेला आहे, चाक बोटभरही फिरत नाही आणि तरी गाडी निघालीय. खाली कुणीतरी लिहितं, ‘टू व्हील ड्राइव्ह असणार.’

मुलुंडच्या माझ्या मित्राने याच खात्रीवर फोर बाय फोर घेतली. “आता सोलांग म्हण, अटल बोगदा म्हण, कुठेही घालू. चारही चाकांना पॉवर आहे!” वाक्य खरं आहे. पण त्या चित्रफितीतल्या गाडीचा प्रश्न पॉवरचा नव्हताच.

गाडी रस्त्याला कुठे टेकते? चार टायरांखाली मिळून चार तळहातांएवढी जागा. पळणं, वळणं, थांबणं, सगळं तेवढ्या रबरावर. तिथे मिळणाऱ्या पकडीचं माप म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.८ असतो, ओल्यावर ०.५च्या आसपास, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. इंजिन किती अश्वशक्तीचं आहे, याचा या आकड्यांशी काडीचाही संबंध नाही.

फोर बाय फोरचा फायदा चढावर खराखुरा असतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. दोनच चाकं ओढणारी असली तर गाडीचं साधारण अर्धंच वजन ओढण्याच्या कामी येतं. घर्षणांक ०.२ असलेल्या बर्फावर अशी गाडी दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर जेमतेम टिकेल; चारही चाकं ओढणारी असली तर त्याच्या दुप्पट चढ काढेल. आता तोच रस्ता रात्री गोठला आणि घर्षणांक ०.१ झाला, की दहाला एक ही फोर बाय फोरचीही शेवटची पायरी. त्याहून चढ जरा जास्त असला तर ब्रेक दाबून उभी केलेली गाडीसुद्धा खाली येणार. चित्रफितीत तेच दिसतं.

थांबण्याचं गणित तर आणखी सरळ आहे. ब्रेक कुठल्याही गाडीला चारही चाकांना असतात, आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीलासुद्धा. म्हणजे थांबताना फोर बाय फोरकडे जास्तीचं असं काही उरतच नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते, म्हणजे बेस्टच्या एका बसच्या लांबीत. दाबलेल्या बर्फावर सुमारे ४० मीटर लागतात: लोकलचे दोन डबे. गोठलेल्या थरावर जवळजवळ १०० मीटर, म्हणजे पाच डबे. यात ‘अरे!’ म्हणून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदात आणखी १४ मीटर गेलेले असतात. गाडी जड आहे म्हणून रोवून बसेल, हाही भ्रम. वजनाने पकड वाढते, तसा थांबवायचा भारही तेवढाच वाढतो. गणितातून वजन चक्क कटून जातं.

वळणावर पकडीचा हिशेब महिन्याच्या पगारासारखा होतो. पगार एकच, घराचा हप्ता त्यातूनच आणि शाळेची फी त्यातूनच. टायरची पकड ब्रेकमध्ये खर्च झाली की वळायला शिल्लक राहत नाही. तीस मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या डांबरावर ताशी ५५ पर्यंत निभावतं, घट्ट बर्फावर २७ पर्यंत, गोठलेल्या थरावर २० सुद्धा जास्त. तेही पाय ना ब्रेकवर, ना अ‍ॅक्सिलरेटरवर असताना.

मग ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं? इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलची एक खोड असते: तो दोन्ही चाकांना सारखाच पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. एक चाक बर्फावर गरगर फिरू लागलं की त्याला पीळ जवळजवळ लागतच नाही, आणि मग दुसऱ्या, चांगल्या जागी टेकलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. गाडी जागच्या जागी. ट्रॅक्शन कंट्रोल एबीएसच्याच (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचा वेग ताडून बघतं, वेडं झालेलं चाक ब्रेकने आवरतं आणि गरज पडली तर इंजिनाचा जोरही कमी करतं. हुशार कारकून आहे तो. तिजोरीत असेल तेवढं नीट वाटून देतो, भर मात्र घालू शकत नाही. खोल भुसभुशीत बर्फात अडकलात तर इंजिनाचा जोर छाटून तो उलट आडवाही येतो. म्हणून तर त्याला बंद करायचं बटण दिलेलं असतं. एबीएसचंही तसंच. ताज्या भुसभुशीत बर्फात जाम झालेलं चाक पुढ्यात बर्फाचा ढीग रचतं आणि त्याला अडतं. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे अंतर कधी कधी वाढतं. बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं. माझ्या मते हा सौदा चांगलाच आहे.

मला यातली खरी गोम वेगळीच वाटते. टू व्हील ड्राइव्हची गाडी बर्फावरून निघतानाच कुरकुरते. चाक फिरतं, गाडी हलत नाही, आणि रस्ता कसा आहे ते पहिल्या मीटरलाच कळतं. फोर बाय फोर शहाण्यासारखी निघते, चढते, चाळीसचा वेग घेते. रस्त्याने सांगितलेलं सगळं ती मधल्या मध्ये गिळते. चालकाला बातमी कळते ती पहिल्यांदा ब्रेक मारताना, वळणावर. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं तर समजावं, ‘पकड इथे संपली.’ आमच्या मित्राला वाटायचं, दिवा लागला म्हणजे यंत्रणा आपल्याला सांभाळून घेतेय.

हे आपल्याला नवं वाटू नये. कर्जतहून लोणावळ्याकडे सदतिसाला एक असा चढ आहे. रेल्वे इंजिनाची सगळीच चाकं ओढणारी असतात, तरी गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावे लागतात आणि रूळ ओले असले की चाकांखाली वाळू सोडावी लागते. उतरायचा बंदोबस्त मात्र साफ वेगळा. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडीला सक्तीने थांबावं लागतं आणि ब्रेक दगा देतील म्हणून सुटलेली गाडी अडवायला चढाच्या बाजूला वेगळे रूळ टाकलेले आहेत. चढण्याच्या ताकदीवर उतरण्याची भिस्त तिथे कुणी ठेवलेली नाही.

आणि बर्फ सगळीकडे सारखा निसरडा नसतो. कारखान्यातून नुकती आलेली बर्फाची लादी हाताळून बघा: कोरडी असते, बोटं चिकटतात. ससून डॉकवर थोडा वेळ पडली की तीच हातातून निसटते. शून्य अंशाच्या जवळ बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि घासल्याने होणाऱ्या उष्णतेने तो वाढतो. गाडीच्या वजनाने बर्फ वितळतो, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. टायरखालचा दाब असतो दोन-सव्वादोन वातावरणांएवढा. तेवढ्याने बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाचा पन्नासावा भागही खाली येत नाही. म्हणून उणे वीसच्या कडाक्यातला रस्ता बरा, दुपारी ओलावून संध्याकाळी पुन्हा गोठू लागलेला मनालीचा रस्ता वाईट.

राहिला टायर. आपल्याकडच्या नेहमीच्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली ताठर होऊ लागतं. सांताक्रूझच्या वेधशाळेने आजवर नोंदवलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ रोजीचं. म्हणजे मुंबईत घेतलेल्या टायरला जो गारठा कधी सोसावाच लागला नसता, तो मनालीत पहिल्याच सकाळी भेटतो. परदेशात थंडीसाठी वेगळे टायर लावतात: रबर मऊ, अंगभर बारीक चिरा, त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. ते मुंबईच्या उन्हात भराभर झिजतील. त्यापेक्षा साखळ्या परवडतात, पण त्याही जपून. फक्त पुढच्या चाकांना बांधल्या तर ब्रेक मारताना पुढचा भाग धरतो, मागचा धरत नाही, आणि गाडी शेपूट फिरवते.

एवढं ऐकून मित्र म्हणाला, “मग चारही चाकांना साखळ्या, लो गिअर, वेग वीसच्या आत. बरोबर?”

“बरोबर. लो गिअरमध्ये इंजिनाचा रोध चारही चाकांवर वाटला जातो, उतरताना तुझ्या फोर बाय फोरचा तेवढा उपयोग नक्की आहे.”

जानेवारीत त्याचा फोटो आला. त्याची गाडी मनालीत हॉटेलच्या अंगणात, टपावर वीतभर बर्फ. आणि हा तिथल्याच एका जुन्या जिप्सीत मागे बसलेला, चारही चाकांना साखळ्या.