अमेरिकेतील लहान गावांची कौटुंबिक डिपार्टमेंट स्टोअर

कापड, तयार कपडे, पादत्राणे, टोप्या, गालिचे, काचसामान आणि फर्निचर यांचे स्वतंत्र विभाग एकाच छपराखाली असलेले आणि एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेले लहान गावातील मोठे दुकान. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९७० च्या दशकापर्यंत अशी दुकाने हजारो गावांच्या मुख्य रस्त्यावर होती. डिपार्टमेंट स्टोअरचा इतिहास बहुधा पॅरिस, न्यूयॉर्क आणि शिकागो येथील भव्य दुकानांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु लहान गावातले दुकान ही त्यांची छोटी प्रतिकृती नव्हती. त्याचे खरे भांडवल गिऱ्हाइकांच्या ओळखीत आणि उधारीच्या खात्यांत होते, आणि त्याच्या उत्कर्षाची व ऱ्हासाची बरीचशी कारणे तेथेच सापडतात.

या दुकानांचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. एक म्हणजे शेतकऱ्याला धान्यापासून खिळ्यांपर्यंत सर्व काही पुरवणारे आणि पीक हाती आल्यावर पैसे घेणारे गावचे किराणा-कापडाचे दुकान. दुसरे म्हणजे पाठीवर गाठोडे घेऊन हिंडणारा फेरीवाला. १८४० नंतर जर्मन भाषिक प्रदेशांतून आणि पोलंडमधून आलेल्या अनेक ज्यू स्थलांतरितांनी फेरीपासून सुरुवात केली आणि थोडे पैसे साठताच एखाद्या वाढत्या गावात दुकान थाटले. पोलंडहून आलेल्या यंकर बंधूंनी १८५६ मध्ये आयोवा राज्यातील कीओकक या नदीकाठच्या गावी सुरू केलेले दुकान पुढे डी मॉइन येथे स्थिरावले आणि त्या राज्यातील प्रमुख डिपार्टमेंट स्टोअर ठरले. ॲरिझोनातील गोल्डवॉटर घराण्याची दुकानेही अशाच एका पोलिश ज्यू स्थलांतरिताने उभी केली. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे बॅरी गोल्डवॉटर हे त्याचे नातू असून राजकारणात येण्यापूर्वी ते दुकानाचा कारभार पाहत.

विल्यम हेन्री बेल्क यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यांनी १८८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील मनरो या लहान गावी स्वतःची बचत आणि कर्जाऊ रक्कम घालून दुकान उघडले. उधारी आणि घासाघीस हाच तेव्हा व्यवहाराचा रिवाज होता. बेल्क यांनी मात्र रोखीचा व्यवहार, प्रत्येक वस्तूला एकच भाव आणि न आवडलेला माल परत घेण्याची हमी ही तत्त्वे स्वीकारली. १८९१ मध्ये त्यांचे डॉक्टर असलेले बंधू जॉन वैद्यकी सोडून भागीदार झाले. पुढे गावोगावी दुकाने काढताना त्यांनी प्रत्येक ठिकाणी स्थानिक भागीदार घेतला आणि दुकानाची स्वतंत्र कंपनी ठेवली. १९९८ मध्ये या कंपन्या एकत्र केल्या गेल्या तेव्हा त्यांची संख्या ११२ होती. केंद्रातून हुकूम सोडणाऱ्या साखळीपेक्षा ही रचना निराळी होती, कारण प्रत्येक गावात मालकाचा प्रतिनिधी म्हणून त्या गावचाच माणूस उभा असे.

बहुतेक दुकानांनी उधारी पूर्णपणे कधीच सोडली नाही. कारखाना बंद पडला, पीक बुडाले किंवा घरात आजारपण आले, तर कोणाला किती सवलत द्यायची, हे मालक माणूस पाहून ठरवत असे. यामागे आपुलकी होती, तसा हिशेबही होता; उधारी असलेले कुटुंब सहसा दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. अनेक दुकानांत रोखपाल पोटमाळ्यावर बसे. मॅसॅच्युसेट्समधील लोवेलचे दुकानदार विल्यम लॅम्सन यांनी १८८० च्या सुमारास विकसित केलेल्या यंत्रणेने विक्रेत्याकडील पावती व पैसे तारेवरून किंवा रुळांवरून तेथे पोहोचत आणि सुटे पैसे त्याच वाटेने खाली येत. पुढे हेच काम हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्या करू लागल्या. पैसा एकाच जागी जमत असल्याने गल्ल्यावर घरातल्या माणसाची नजर राहत असे. मालाच्या खरेदीसाठी कुटुंबातील कोणीतरी हंगामात न्यूयॉर्कला जाई, आणि तेथील खरेदी कचेऱ्या अनेक लहान दुकानांसाठी घाऊक बाजाराची पाहणी करून ठेवत.

ही आपुलकी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती, हे नोंदवणे आवश्यक आहे. दक्षिणेकडील अनेक दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचा पैसा चालत असे, पण त्यांना टोपी किंवा कपडे अंगावर घालून पाहण्याची वा उपाहारगृहात बसण्याची मुभा नसे. १९६० मध्ये सुरू झालेल्या धरणे आंदोलनांनी ही प्रथा उघड्यावर आणली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतील भेदभाव बेकायदा ठरवला.

स्पर्धा प्रथम टपालाने आली. माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये सूचिपत्रावरून माल विकण्यास सुरुवात केली. त्यानंतर सीअर्स ही कंपनी त्या धंद्यात उतरली आणि १९१३ मध्ये सरकारी पार्सल सेवा सुरू झाल्यावर जड मालही शेतकऱ्याच्या दारी पोहोचू लागला. गावच्या दुकानदारांनी या सेवेला कडाडून विरोध केला होता. पाठोपाठ साखळी दुकाने आली; १९०२ मध्ये वायोमिंगमधील केमरर या खाणगावातील एका दुकानापासून निघालेल्या जे. सी. पेनी या दुकानदाराच्या साखळीची १९२९ पर्यंत हजाराहून अधिक दुकाने झाली. मोठ्या खरेदीदारांना मिळणाऱ्या विशेष सवलतींना आळा घालण्यासाठी १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला, तर १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने उत्पादकाने ठरवलेल्या किमान किरकोळ किमतीला संरक्षण दिले. या दुसऱ्या कायद्याचा आधार कौटुंबिक दुकानांना किती मोठा होता, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्याच्या जोरावर नामांकित मालाची किंमत सर्वत्र सारखी राही आणि दुकानाला सेवेच्या बळावर स्पर्धा करता येई. तो १९७५ मध्ये रद्द झाला.

त्याआधीच गावाचा भूगोल पालटू लागला होता. आंतरराज्य महामार्गांचा कायदा आणि मिनेसोटातील ईडायना येथील साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित मॉल, दोन्ही १९५६ चे. १९६२ मध्ये वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तिन्ही स्वस्त विक्रीच्या साखळ्यांनी आपापले पहिले दुकान उघडले. त्यांपैकी वॉलमार्टने तर मुद्दाम लहान गावेच निवडली. मुख्य रस्त्यावरची तीनमजली इमारत कुटुंबाच्या मालकीची असल्याने भाडे वाचत असे, पण गाड्या लावायला जागा नसल्याने तीच इमारत आता अडचणीची ठरली. बँकांची क्रेडिट कार्डे सर्वत्र चालू लागल्यावर दुकानाच्या उधारखात्याचे महत्त्व ओसरले आणि त्याबरोबर गिऱ्हाईक बांधून ठेवणारा धागाही सैल झाला. शिवाय तिसऱ्या-चौथ्या पिढीत हिस्सेदार वाढत, त्यांतले अनेकजण दूर शहरांत अन्य व्यवसायांत असत आणि वारसा कर भरण्यासाठी रोख रकमेची गरज पडे. अशा वेळी मोठ्या कंपनीकडून आलेला खरेदीचा प्रस्ताव नाकारणे अवघड होई. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे ग्रमबाकर कुटुंबाने १८९८ मध्ये सुरू केलेल्या बॉन-टॉनने अशी अनेक दुकाने विकत घेतली, ज्यांत यंकर बंधूंचे दुकानही होते. २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून बॉन-टॉनने आपली सर्व दुकाने बंद केली. बेल्क कुटुंबानेही २०१५ मध्ये आपली कंपनी सुमारे तीन अब्ज डॉलरला एका गुंतवणूक संस्थेला विकली.

काही गावांनी दुकानाशिवाय राहणे नाकारले. वायोमिंगमधील पॉवेल येथील कपड्यांचे साखळी दुकान बंद झाल्यावर रहिवाशांनी प्रत्येकी ५०० डॉलरचे भाग (शेअर) विकून भांडवल उभारले आणि २००२ मध्ये गावाच्या मालकीचे दुकान सुरू केले. न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक येथील लोकांनी त्याच धर्तीवर १०० डॉलरच्या भागांतून पाच लाख डॉलर जमवले आणि २०११ मध्ये आपले डिपार्टमेंट स्टोअर उघडले. एका घराण्याकडे असलेली मालकी तेथे शेकडो शेजाऱ्यांकडे आली.