लोकर-मण्यांची वाचनखूण

वाचनखूण म्हणजे पुस्तकात वाचन जिथे थांबले, ते पान दाखवणारी वस्तू. मोरपीस, पिंपळपान, बसचे तिकीट यांपैकी काहीही त्या कामी येते. हाताने केलेल्या खुणांमध्ये लोकर किंवा सुती दोरा आणि मणी यांची खूण सर्वांत सोपी व स्वस्त. चर्चमधील प्रार्थनाग्रंथांच्या बांधणीतच शिवलेल्या रंगीत फिती हे तिचे जुने नातलग. गोव्यात पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती घरांत क्रोशाचे विणकाम रुजलेले असल्याने उरलेला दोरा आणि सुई पुष्कळ घरांत सापडते.

साधारण साडेएकवीस सेंटिमीटर उंचीच्या पुस्तकासाठी पंचेचाळीस सेंटिमीटरचे तीन दोरे घेऊन एका टोकाला गाठ मारतात आणि वेणी घालतात. वेणीत लांबी आटते. तरीही वर-खाली चार-पाच सेंटिमीटर लोंबेल इतकी उरते. क्रोशाची साखळी घालायची तर दोरा तयार लांबीच्या तिप्पट-चौपट लागतो. मणी ओवताना दोऱ्याचे टोक पिंजारते. ते मेणबत्तीच्या मेणात बुडवून वळले की सुईशिवायही भोकातून जाते. मण्याच्या पुढे दुहेरी गाठ हवी.

मणी पुस्तकाच्या बाहेरच राहिले पाहिजेत. पानांत दबलेला मणी कागदावर खड्डा पाडतो आणि बांधणीवर ताण आणतो. नवशिके नेमके उलट करतात: वेणीभर मणी ओवतात. तशी वस्तू गळ्यात शोभेल, पुस्तकात नाही. फार जड मणीही नको, त्याच्या वजनाने खूण घसरून बाहेर पडते.

गोव्यात दोऱ्याची निवड पावसाळा ठरवतो. दमट हवेत सुती दोऱ्याला बुरशी धरते, खऱ्या लोकरीला कीड लागते. बाजारातली स्वस्त लोकर बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. ती पाणी फारसे धरत नाही, म्हणून इथे तीच बरी. ओळखायचे तर एक धागा जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, सुताची राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी बनते. लाल आणि गर्द निळे रंग ओल्या पांढऱ्या कापडावर घासून तपासावेत, नाहीतर डाग थेट पानावर उतरतो. लोखंडी मणी खाऱ्या हवेत गंजतात, पितळी काळवंडतात. काचेचे, लाकडी किंवा करवंटीचे मणी टिकतात. लाकडी मण्याचा रंगही आधी तपासलेला बरा.

पणजीतील मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात 1832 मधली. अशा जुन्या संग्रहांतील ठिसूळ कागदाला मात्र ही वेणी जाडच पडते. तिथे आम्लमुक्त कागदाची साधी पातळ पट्टी वापरावी.