मॉडचा क्रम आणि प्लगिनचा क्रम: स्कायरिममध्ये चेहरा काळा का पडतो

दिवाळीच्या सुट्टीत दारव्ह्याकडून माझा मावसभाऊ आला तो लॅपटॉप घेऊनच. घरात कापसाच्या वेचणीची घाई, आणि हा छपरीत स्कायरिम हा संगणकावरचा खेळ उघडून बसलेला. "दादा, लूट चालवलं ना मी. चार खेप सॉर्ट केलं. तरी लिडियाचा चेहरा काळाच दिसून रायला. काहून?"

लूट म्हणजे क्रम आपोआप लावून देणारा प्रोग्राम, आणि लिडिया म्हणजे खेळात आपल्यासोबत लढणारी बाई. तिच्या चेहऱ्याचा मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी लोकांनी बनवलेली भर, त्यानं दोनदा काढून परत टाकला होता. दुसऱ्या खेपेला डाउनलोडही नव्यानं केलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. सगळा डेटा गेला आणि लिडिया होती तशीच. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मॉडमध्ये दोष नव्हताच. दोन वेगळे क्रम त्यानं एकच समजले होते. दोन्हींना सगळे सरसकट 'लोड ऑर्डर' म्हणतात, तिथूनच घोळ सुरू होतो.

मॉड ऑर्गनायझर २ हा मॉड सांभाळणारा प्रोग्राम उघडला की डावीकडं एक यादी दिसते आणि उजवीकडं दुसरी. डावीकडं मॉड असतात, म्हणजे फायलींचे गठ्ठे: टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं), मेश (वस्तूंचे आकार), आवाज, स्क्रिप्ट. उजवीकडं प्लगिन असतात, म्हणजे ईएसएम, ईएसपी, ईएसएल या फायली. दोन्हीकडं खालचा वरच्यावर मात करतो, म्हणून दोन्ही याद्या सारख्याच वाटतात. पण मात कशावर होते, ते दोन्हीकडं वेगळं आहे.

डावी यादी भिंतीच्या रंगासारखी आहे. यंदा दिवाळीला जो हात मारला तो दिसतो, गेल्या वर्षीचा त्याच्याखाली दबतो. दोन मॉडमध्ये एकाच जागेची, एकाच नावाची फाइल असेल तर यादीत खाली असलेल्या मॉडची फाइल खेळात दिसते. दुसरी फाइल पुसली जात नाही. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि खेळ चालू असतानाच सगळ्यांचा मिळून एक डेटा फोल्डर असल्याचा भास उभा करतं. म्हणून खेळ त्याच्यातूनच सुरू करावा लागतो. व्हॉर्टेक्स हा असाच दुसरा प्रोग्राम हे काम हार्डलिंकनं करतो: फाइल डिस्कवर एकच, पण दोन जागी दिसते. त्यासाठी मॉडचं फोल्डर खेळाच्याच ड्राइव्हवर लागतं. व्हॉर्टेक्समध्ये सरळ यादी नसते, दोन मॉड भिडले की कोण कोणाच्या नंतर हा नियम आपण लावायचा. मॉडसमोर विजेचं लाल चिन्ह दिसलं की तो नियम अजून लावायचा राहिलाय असं समजायचं.

उजवी यादी मात्र तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे. प्लगिनमध्ये चित्रं नसतात, नोंदी असतात: ही तलवार किती मार देते, हे दुकान कोणाचं, लिडियाला कोणतं कसब येतं, तिचं नाक-डोळे कोणत्या तुकड्यांनी जोडायचे. एकाच गोष्टीची नोंद दोन प्लगिननी बदलली तर शेवटी लोड झालेली नोंद चालते, जसा सातबाऱ्यावर शेवटचा मंजूर फेरफार चालतो. पण इथं एक कडक गोष्ट आहे. फेरफारात एखाद्याच वारसाचं नाव बदलता येतं, इथं अख्खी ओळ नव्यानं लिहावी लागते. एका मॉडनं तलवारीचा मार वाढवला आणि दुसऱ्यानं फक्त किंमत बदलली, तरी दुसऱ्याच्या ओळीत मार मूळचाच लिहिलेला असतो. तो खाली आला की पहिल्याचा बदल गेला. खेळ दोन्हींतलं चांगलं निवडून घेत नाही.

लूट फक्त ही उजवी यादी लावतं. डावीला ते हातच लावत नाही. भावाला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आता चेहरा. माणसाचा चेहरा दोन ठिकाणी साठवलेला असतो: नाक-डोळ्यांच्या तुकड्यांची नोंद प्लगिनमध्ये, आणि तयार केलेली डोक्याची मेश व रंगाचं टेक्स्चर वेगळ्या फायलींत. दोन्ही जुळले नाहीत की खेळ गोंधळतो आणि चेहरा काळपट, राखाडी दिसतो. भावाकडं सुंदर चेहऱ्याचा एक मॉड होता आणि लिडियाची मारामारी सुधारणारा दुसरा. दुसऱ्याचा चेहऱ्याशी काहीच संबंध नाही, पण कसब बदलण्यासाठी त्यानं लिडियाची अख्खी ओळ लिहिली होती आणि त्यात नाक-डोळे मूळचेच. लूटनं त्याचं प्लगिन खाली लावलं. नोंद जुन्या चेहऱ्याची, फाइल नव्या चेहऱ्याची. चार काय, चाळीस खेपा सॉर्ट केलं असतं तरी हेच झालं असतं.

आणखी एक ठिकाण आहे जिथं भले भले फसतात. काही मॉडच्या फायली बीएसए या बंद गठ्ठ्यात असतात. दोन बीएसए भिडले तर कोणाचं चालणार ते डावी यादी ठरवत नाही, प्लगिनचा क्रम ठरवतो. आणि सुटी फाइल तर बीएसएमधल्या फाइलवर नेहमीच मात करते, प्लगिन कुठंही असो. म्हणून चेहऱ्याचा मॉड बीएसएत बंद असेल आणि एखाद्या जुन्या मॉडनं त्याच चेहऱ्याच्या सुट्या फायली टाकलेल्या असतील, तर दोन्ही याद्यांत नवा खाली असूनही चेहरा बिघडतो. अशा वेळी जुन्यातल्या तेवढ्या फायली लपवाव्या लागतात.

जागेचाही फरक लक्षात ठेवा. नुसत्या टेक्स्चरच्या मॉडला खेळात मर्यादा नाही, डिस्क भरेल तेवढीच. साध्या प्लगिनना मात्र २५४ जागा आहेत. ईएसएल प्रकारचे हलके प्लगिन सगळे मिळून एकाच जागेत बसतात, ४०९६ पर्यंत. टेक्स्चरचा क्रम खेळ अर्ध्यावर असताना बदलला तर सहसा काही बिघडत नाही. प्लगिनचा क्रम मात्र खेळ सुरू करण्याआधीच नीट लावावा, हे माझं ठाम मत आहे.

एसएसईएडिट या प्लगिनच्या नोंदी पाहायच्या-बदलायच्या प्रोग्राममध्ये मी भावाला लिडियाची नोंद उघडून दाखवली. दोन्ही मॉडच्या ओळी शेजारी-शेजारी, सगळ्यात उजवीकडची चालणारी. चेहऱ्याच्या मॉडचं प्लगिन नुसतं खाली ओढलं असतं तर चेहरा सुधारला असता, पण मारामारीचे बदल गेले असते. त्याला दोन्ही हवं होतं. मग चेहऱ्याच्या मॉडची ओळ नव्या हलक्या प्लगिनमध्ये उतरवली, त्यात कसबांचे रकाने दुसऱ्या मॉडमधून ओढून टाकले आणि ते प्लगिन उजव्या यादीत सगळ्यांच्या खाली ठेवलं. डावीकडं काहीच हलवलं नाही, तिथं चेहऱ्याच्या फायली आधीच बरोबर होत्या.

संध्याकाळी लाईन जायच्या आत त्यानं खेळातल्या व्हाइटरन शहराचा दरवाजा उघडला. "हे पाय दादा, आता बराबर दिसून रायली."